आमदार बाबासाहेब आणि आपलं मत

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



मी काही व्याख्याता नाही. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेला माणूस. शाळा अर्ध्यावर सुटली ती सुटली, पुढचं शिक्षण चळवळीत आणि वाचनालयात झालं. समितीने मला विषय दिला होता 'बाबासाहेबांचे राजकीय कार्य'. हा विषय समुद्रासारखा आहे. मी त्यातली एक ओंजळ घेतली आहे. बाबासाहेब घटनाकार होते, कायदेमंत्री होते हे आपल्या पोरासोरांना पाठ आहे. पण त्याच्या आधी दहा-बारा वर्षे ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात होते. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर आमदार होते. आणि त्यांतली शेवटची वर्षे ते आपल्याच भायखळा-परळ भागातून निवडून गेले होते. त्या आमदारकीबद्दल मला आज बोलायचं आहे.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे.

मागे एका निवडणुकीच्या वेळी आपल्या विहारात एक उमेदवार आले होते. पक्षाचं नाव घेत नाही, माणसाचं तर नाहीच. त्यांनी बुद्धमूर्तीला फुलं वाहिली, वंदना होईपर्यंत बसले आणि जाताना म्हणाले, "विहाराला लाद्या बसवून देतो, सगळ्या हॉलला. फक्त वस्तीची मतं एकगठ्ठा पडली पाहिजेत." त्या वेळी आपला हॉल कोब्याचा होता. पावसाळ्यात ओल यायची. रात्री समितीची बैठक बसली. मी स्वतः उठून म्हणालो की, घेऊ या. कुणाला ना कुणाला मत द्यायचंच आहे, निदान विहाराचं काम तरी होईल. दोन-चार जणांनी मान डोलावली.

तेव्हा मागे बसलेल्या आमच्या महिला मंडळातल्या एक आजी बोलल्या. त्या आज हयात नाहीत. त्या म्हणाल्या, "का रं बाबा, बाबासाहेब परळातून उभे राहिले तवा त्यांनी कुणाच्या चाळीत लाद्या बसवल्या व्हत्या?"

मला उत्तर देता आलं नाही. बैठक तिथंच थांबली. मी चळवळीत इतकी वर्षे घोषणा दिल्या, पण बाबासाहेब निवडणूक कशी लढले, निवडून जाऊन काय केलं, हे मला नीट माहीत नव्हतं याची मला लाज वाटली. मग मी वाचायला सुरुवात केली. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या भाषण-लेखनाचे जे खंड काढले त्यातल्या दुसऱ्या खंडात त्यांची कायदेमंडळातली भाषणं आहेत. ग्रंथ इंग्रजीत आहे. डिक्शनरी शेजारी ठेवून, अडलं तिथं शिकलेल्या पोरांना विचारून मी तो वाचला. त्यातलं जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. बाबासाहेब पहिल्यांदा कायदेमंडळात गेले ते निवडून नव्हे. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी मुंबई कौन्सिलच्या सभासदत्वाची शपथ घेतली ती सरकारनियुक्त सभासद म्हणून. त्यांच्याबरोबर डॉ. सोळंकी होते. त्या काळी अस्पृश्यांना मत देऊन आपला माणूस पाठवायची सोय नव्हती. मताचा हक्क इस्टेटीवर, करावर होता आणि आपल्या लोकांकडे इस्टेट कुठली? म्हणून गव्हर्नर नेमतील तो आपला प्रतिनिधी.

आता नेमलेल्या माणसाने काय करायचं? ज्याने नेमलं त्याचे आभार मानायचे आणि गप्प बसायचं, अशी रीत होती. बाबासाहेबांनी काय केलं? २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर पहिलंच भाषण केलं आणि सरकारच्या शेतसाऱ्यावर टीका केली. नोकरदाराची कमाई ठराविक मर्यादेच्या आत असली तर त्याला आयकर माफ होतो, मग शेतकऱ्याला दाणा पिको न पिको सारा का भरावा लागतो, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे १२ मार्चला शिक्षणाच्या खर्चावर बोलले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, हा हिशोब त्यांनी सभागृहात मांडला. मित्रांनो, भाषण गाजवायला शब्द लागतात, पण सरकारला अडवायला आकडे लागतात. ते आकडे काढायला रात्री जागाव्या लागतात.

आणि तारखा नीट बघा. १२ मार्चला कौन्सिलात शिक्षणावर भाषण. २० मार्चला महाडचं चवदार तळं. मध्ये फक्त आठ दिवस. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली कौन्सिलात पास करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपलं तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं. कागदावर सगळं झालं होतं. पण तीन वर्षे झाली तरी त्या तळ्याचं पाणी आपल्या माणसाच्या ओंजळीत आलं नव्हतं. ते ठराव घेऊन हजारो माणसं चालत तळ्यावर गेली तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. म्हणजे सभागृहातलं काम आणि रस्त्यावरचं काम ही दोन वेगळी कामं नाहीत. आमदाराने ठराव आणायचा आणि समाजाने तो अमलात आणायला उभं राहायचं. आपण काय करतो? आमदार निवडला की पाच वर्षे झोपतो.

दुसरी गोष्ट वतनाची. आमच्या आजा-पणजाच्या तोंडून वतनाच्या गोष्टी ऐकलेले इथे बरेच असतील. तुकडाभर जमीन आणि चार घरचं बलुतं, आणि त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी कामाला हजर. घरचा कर्ता नसला तर पोराने जायचं, म्हाताऱ्याने जायचं. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी वतन कायद्यात सुधारणा करणारं बिल कौन्सिलात मांडलं. ज्याला या बांधिलकीतून सुटायचं असेल त्याला सुटता यावं, जमिनीचा पूर्ण सारा भरून ती त्याच्याकडेच राहावी, हा त्याचा गाभा. ते बिल समितीकडे गेलं, तिथं त्याची इतकी मोडतोड झाली की शेवटी बाबासाहेबांना ते मागे घ्यावं लागलं. पुढे १९३७ साली त्यांनी तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. तेव्हाही झालं नाही. हलकी गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा आला तो १९५८ सालचा. बिल मांडलं १९२८ ला, कायदा १९५८ चा. तीस वर्षे! आणि तो कायदा बघायला बाबासाहेब नव्हते.

खोतीचंही तसंच. कोकणातल्या कुळांना खोताच्या जाचातून सोडवण्यासाठी त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचं बिल असेंब्लीत मांडलं. आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कुणबी होते, आगरी होते, महार होते. खोती रद्द करण्याचा कायदा झाला तो १९४९ सालचा.

हे मी का सांगतो? आपण आमदाराला विचारतो, "पाच वर्षांत काय दिलंत?" विचारलंच पाहिजे. पण देण्याचा अर्थ आपण फार लहान करून ठेवला आहे. गटार दिलं, नळ दिला, लाद्या दिल्या. ती नगरसेवकाची कामं, ती व्हायलाच पाहिजेत. पण आमदाराचं मुख्य काम कायदा करणं आहे, आणि ज्या कायद्याने पिढी सुटते तो एका निवडणुकीच्या आत होत नाही.

आता निवडणुकीकडे येतो. १९३५ चा कायदा आला, नेमणुकीचा प्रकार गेला. सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला होता, म्हणजे प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत. इंग्रजांनी तो दिला नाही. मताला अजून भाड्याची, कराची, शिक्षणाची अट होतीच. पण मतदार पूर्वीपेक्षा खूप वाढले. पुणे करारामुळे मुंबई असेंब्लीत १७५ पैकी १५ जागा अस्पृश्यांसाठी राखीव झाल्या.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी पक्ष काढला. त्याला नाव जातीचं दिलं नाही. नाव दिलं स्वतंत्र मजूर पक्ष. जाहीरनाम्यात कामाचे तास, पगार, भरपगारी रजा, स्वस्त आणि स्वच्छ घरं, कुळांचं संरक्षण, मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण हे विषय होते. उमेदवार उभे केले सतराच. जेवढी माणसं तयारीची होती तेवढीच. त्यांत नाशिकचे दादासाहेब गायकवाड होते, पुण्याचे रा. रा. भोळे होते, बेळगावचे बळवंतराव वराळे होते. आणि त्यांत अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर हे स्पृश्य समाजातले लोकही होते. त्या सतरांपैकी दोन-तीन सोडले तर बाकी सगळे निवडून आले. ज्या पक्षाला जेमतेम सहा महिने झाले होते त्याची ही कामगिरी! पैसा कुणाकडे होता? समोर काँग्रेससारखा बलाढ्य पक्ष. बाबासाहेब स्वतः परदेशातून परतले जानेवारी १९३७ मध्ये आणि मतदान फेब्रुवारीत. जेमतेम महिना हाती होता. जे झालं ते कार्यकर्त्यांनी चाळीचाळीतून पायी फिरून झालं.

बाबासाहेबांच्या समोर काँग्रेसने कोण उभा केला? पी. बाळू. पळवणकर बाळू म्हणजे त्या काळचे नामांकित क्रिकेटपटू. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या संघातले मोठे गोलंदाज. तेही अस्पृश्य समाजातले, चर्मकार. त्यांच्याबद्दल वावगा शब्द काढायचं कारण नाही, ज्या काळात आपल्या माणसाला वेगळ्या कपात चहा मिळायचा त्या काळात त्यांनी स्वतःच्या हाताच्या कर्तबगारीवर नाव काढलं. पण डाव समजून घ्या. "हाही तुमचाच आहे की!" असं सांगायला माणूस शोधून आणला होता. हा डाव १९३७ साली होता, त्यानंतरही आपण तो कितीदा पाहिला आहे. उमेदवार आपल्या जातीचा आहे एवढं बघून भागत नाही. सभागृहात गेल्यावर तो उत्तर कुणाला देणार, तुम्हाला की ज्याने तिकीट दिलं त्याला, हे बघावं लागतं.

निकाल काय लागला? बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. मित्रांनो, आज आपण म्हणतो बाबासाहेब म्हणजे बाबासाहेब, त्यांना कोण हरवणार? पण आपल्याच परळ-भायखळ्यात ते दोन हजार मतांनी निवडून आले. दोन-चार मोठ्या चाळींनी त्या दिवशी लाद्यांचा विचार केला असता तर? हा विचार मनात आला तेव्हा मला त्या रात्रीच्या बैठकीतलं माझं बोलणं आठवलं.

त्या निवडणुकीत आणखी एक बारीक गोष्ट होती. एकापेक्षा जास्त जागा असलेल्या मतदारसंघात मतदाराला तितकी मतं असत, आणि मुंबई इलाख्यात ती सगळी एकाच उमेदवाराला द्यायची मुभा होती. आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या लोकांना हे समजावून सांगायचं म्हणजे केवढं काम! मत विखरू द्यायचं नाही हा धडा तेव्हा घरोघर शिकवला गेला. मत गठ्ठ्याने देणं वाईट नाही. गठ्ठा विकणं वाईट आहे. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो पोरांना समजावला पाहिजे.

निवडून आल्यावर पुढच्याच वर्षी कामगारांवर प्रसंग आला. सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलहाचं बिल आणलं. समेटाची बोलणी चालू असताना संप केला तर तो बेकायदा आणि कामगाराला शिक्षा. बाबासाहेबांनी असेंब्लीत त्याच्यावर सडकून टीका केली. कामगाराने काम थांबवणं हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा कसा होईल? माणसाला त्याच्या मनाविरुद्ध राबायला लावणं म्हणजे त्याला गुलाम करणं, असं त्यांचं म्हणणं होतं. सभागृहात बहुमत सरकारचं होतं. तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. ज्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांशी त्यांचं पटत नव्हतं त्यांच्या बरोबर त्या दिवशी ते एकत्र आले. गिरण्या बंद राहिल्या, पोलिसांचा गोळीबारही झाला. बिल तरी पास झालंच.

मग हरले का? मी गिरणीतला माणूस आहे म्हणून सांगतो. १९३८ नंतर १९४६ चा कायदा आला, त्याने एका उद्योगात एकच संघटना मान्यताप्राप्त धरली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला, त्यात माझे वडील होते. कामगार एका बाजूला आणि मान्यता दुसऱ्या बाजूला, अशी त्या संपाची कोंडी झाली. घरातलं एकेक भांडं गेलं ते मी पाहिलं आहे. कामगाराचं तोंड कायद्याने बांधू नका, हे बाबासाहेब १९३८ साली सांगत होते. ते किती लांबचं बघत होते हे आम्हाला आमच्या रिकाम्या डब्यातून कळलं. त्यांच्या पक्षाचे चौदा-पंधरा आमदार सभागृहात असते त्याऐवजी पन्नास असते तर? त्यांच्या विरोधाची नोंद राहिली, पण कायदा करायला हात वर करणारी माणसं लागतात. तेवढी माणसं आपण त्यांना दिली नाहीत.

बायकांच्या बाबतीतलं एक सांगतो, कारण महिला मंडळाने आज सगळी व्यवस्था केली आहे. जुलै १९२८ मध्ये कौन्सिलात कारखान्यातल्या स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा देण्याचं बिल होतं. बिल बाबासाहेबांनी मांडलेलं नव्हतं, दुसऱ्या सभासदाचं होतं. तरी त्यांनी उभं राहून जोरदार पाठिंबा दिला. तो कायदा १९२९ साली मुंबई इलाख्यात झाला. चांगलं काम दुसऱ्याने आणलं म्हणून त्यांनी ते अडवलं नाही. आज आपल्या पुढाऱ्यांना हे कुणी तरी सांगा!

आणि शेवटची गोष्ट, जी सांगताना जीभ जड होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. तेव्हा प्रौढ मताधिकार आला होता, जो त्यांनी मागितला होता आणि घटनेत लिहिला होता. काजरोळकरांना १,३८,१३७ मतं पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. घटना लिहिणारा माणूस पडला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. पण निकाल विरुद्ध गेला म्हणून सामान्य माणसाच्या मतावरचा त्यांचा विश्वास उडाला नाही. आपण मात्र एक निवडणूक हरलो की म्हणतो, "काय उपयोग? पाचशे घ्या आणि मोकळे व्हा."

बंधू-भगिनींनो, त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. बाबासाहेबांनी कुणाच्या चाळीत लाद्या बसवल्या नाहीत. त्यांनी बाळंत बाईची रजा मागितली, कुळाची जमीन मागितली, वतनाच्या गुलामीतून सुटका मागितली, पोराची शाळा मागितली, संपाचा हक्क मागितला. त्यातलं काही त्यांच्या हयातीत मिळालं, काही नंतर मिळालं, काही अजून मिळायचं आहे.

म्हणून माझी वस्तीला एक सूचना आहे. पुढच्या वेळी जो उमेदवार विहारात येईल त्याचं स्वागत करू, वंदनेला बसवू, चहा देऊ. पण त्याला तीन प्रश्न विचारू. पहिला, सभागृहात तुम्ही कोणता कायदा, कोणती दुरुस्ती मागणार? दुसरा, तुमच्या पक्षाने आमच्या विरोधात मत द्यायला सांगितलं तर तुम्ही काय करणार? तिसरा, अधिवेशन संपलं की इथे येऊन हिशोब देणार का? आधी निवडून आलेला असेल तर त्याने किती प्रश्न विचारले, किती दिवस हजर होता, हे आपल्या शिकलेल्या पोरांनी आधीच एका वहीत उतरवून ठेवावं. विधानसभेच्या कामकाजाच्या नोंदी छापल्या जातात, त्या काही गुप्त नाहीत. ती वही विहाराच्या कपाटात त्रिशरण-पंचशीलाच्या पुस्तकांशेजारी राहू द्या.

आणि लाद्यांचं काय झालं ते नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपण त्या उमेदवाराला नम्रपणे नाही म्हणालो. घरटी वर्गणी काढली. कुणी शंभर दिले, कुणी महिन्याला दहा-दहा दिले. जेवढे पैसे जमले तेवढ्या लाद्या बसल्या. मागच्या दोन रांगांना पैसे पुरले नाहीत, तिथे अजून कोबाच आहे. आता मी बोलतोय तर मागे कोब्यावर सतरंजी टाकून बसलेली मंडळी मला दिसतायत. त्यांना थंडी वाजत असेल. पुढच्या वर्धापन दिनापर्यंत त्या दोन रांगाही आपण आपल्याच पैशाने पुऱ्या करू. माझे पहिले पाचशे रुपये मी आत्ताच खजिनदारांकडे देतो.

जास्त बोललो असेन तर लहान भाऊ समजून पोटात घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!